पापलेटावर आलेली लोकर

दोष कुणाचा म्हणाल, तर जमनेचाच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढंमागं ती तुम्हाला भेटली तर शपथेवर सांगेल की सगळं दामूमुळं झालं, आणि इतक्या जोरात सांगेल की तुम्हाला ते पटेलही. (दांडी गावात जमनेशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे.) पण घरात लोकर आणली ती तिनंच. स्वतःच्या हातानं, माशांच्या टोपलीत घालून, वरून फडकं झाकून आणली. मग भोगा आता!

झालं होतं असं. जमनेचा नवरा दामू हा दांडीतला जाळी विणणारा. गुडघा गेल्यापासून तो दर्यावर जात नसे, पण गावातलं कुठलंही जाळं उचला, त्यातल्या निम्म्या गाठी दामूच्या हातच्या. सकाळी चहा घेतला की ओट्यावरच्या खांबाला जाळ्याचं टोक बांधायचं, बांबूची सुई हातात घ्यायची आणि दिवस मावळेपर्यंत हलायचं नाही. हात चालू, तोंड बंद. जमना पंचवीस वर्षं त्या बंद तोंडाबरोबर सुखानं नांदली होती, पण ते सुख होतं हे तिला कळलं कधी? तर सहासष्ट साली, गावात नायलॉन आलं तेव्हा.

मुंबईहून तयार जाळी येऊ लागली. गठ्ठा सोडायचा की लावायची बोटीला. कुजायची भीती नाही की ऐनाच्या सालीत उकळायची कटकट नाही. दामूला कुणी येऊन सांगितलं नाही की बाबा रे, तुझं काम संपलं. माणसं ओट्यावर यायची बंद झाली, एवढंच. महिनाभर तो रिकाम्या खांबाकडे बघत बसला. जमनेला त्याची दया आली, अगदी डोळ्यांत पाणी यावं इतकी आली. मग दामू उठून तिच्या रांधणीत आला आणि ती दया तिथंच आटली.

"जमने, आमटीत पानी जास्ती झालं."

"जमने, ही वाकटी अशी कापतात काय? शेपटीकडून धर."

"जमने, मांडवावर बोंबील किती टांगले तू? मी मोजले. तीनशे बारा हायेत. काल तीनशे वीस होते."

"आठ तुमीच खाल्ले रातचे!"

"मग ठीक हाय. मी म्हटलं, कुनी नेले काय."

टोपावरचं झाकण ठेवलं की उचल, उचललं की हुंग, हुंगलं की मान हलव. एकदा तर त्यानं तिला मासळीला मीठ लावायला शिकवलं. जिचं माहेरच मीठ लावण्यात गेलं, तिला!

"अवं, जरा भायेर जावा ना तुमी!"

"भायेर काय हाय?"

"दर्या हाय!"

"तो बगितलाय मी," दामू म्हणाला आणि त्यानं दुसरं झाकण उचललं.

त्या दिवशी जमना टोपली घेऊन निघाली ती दातओठ खातच. तारापूरला अणूची ती मोठी भट्टी बांधायचं काम चाललं होतं आणि तिथल्या इंजिनेर लोकांच्या क्वार्टरांत तिची गिऱ्हाइकं होती. त्यांत एक पंजाबी बाई. ती व्हरांड्यात बसून दोन सुयांवर लोकर विणत होती. जमनेनं टोपली उतरवली, पापलेट दाखवलं, भाव सांगितला. बाईनं मान वर न करता "हूं" केलं. जमनेनं भाव वाढवून सांगितला. बाई पुन्हा "हूं"!

जमना खाली बसली ती बघतच राहिली. ही बाई भावसुद्धा करत नाही! हात चालू, तोंड बंद. तिला एकदम आपला ओटा आठवला, खांब आठवला, ते पंचवीस वर्षांचं सुख आठवलं.

"बाय," ती म्हणाली, "ये हमको देव ना. हमारा आदमी को पायजे."

"आदमी के लिए स्वेटर बनाओगी?"

"नाय नाय. आदमी को बसने के लिए पायजे."

बाईला काय समजलं देव जाणे. पण जमनेनं टोपलीतलं सगळ्यात मोठं पापलेट तिच्यापुढं ठेवलं, आणि बदल्यात हिरव्या लोकरीचा अर्धा गुंडा, दोन जुन्या सुया आणि नमुन्याला बाराएक ओळी विणलेला तुकडा घेऊन ती घरी आली. वाटेत ती गाणं म्हणत होती. (आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला निघालेला माणूस नेहमी गाणं म्हणतो.)

दामूनं तो तुकडा उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"ह्याला गाठच नाय कुठं!"

"नसंल."

"अगं, पन गाठीबिगर ऱ्हाईल कसं?" म्हणून त्यानं एक टोक ओढलं. बाराच्या बारा ओळी सरसर सुटून त्याच्या मांडीवर आल्या. दामू घाबरला. पंचवीस वर्षांत त्याच्या हातचं काही सुटलं नव्हतं. "असलं जाळं दर्यात टाकलं तर मासे हसतील," तो म्हणाला. पण सुया त्यानं खाली ठेवल्या नाहीत. कोळ्याच्या जातीला सुटलेलं सूत बघवत नाही.

तीन दिवस तो ओट्यावर बसून होता. रांधणीत पाऊल नाही. चौथ्या दिवशी त्यानं जमनेसाठी टोपी विणून आणली. जमनेनं ती घातली आणि तिचा उजवा कान टोपीतून आरपार बाहेर आला.

"ह्यात भोकं केवढी!"

"दोन बोटांची," दामू अभिमानानं म्हणाला. "पापलेटाच्या जाळ्याचं माप हाय. बारकं मासळं निसटून जातं, मोटं अडकतं."

"माझ्या डोक्यात कुठलं मासळं अडकनार हाय?"

पण हात तयार असलेला माणूस. आठ दिवसांत त्यानं तो गुंडा वीस वेळा उसवला आणि वीस वेळा विणला. सुलट टाका, उलट टाका त्याला आपोआप सापडले. जमनेनं आणखी दोन पापलेटं देऊन आणखी उरलीसुरली लोकर आणली, तिची बंडी झाली. मग पंजाबी बाईची लोकर संपली. जमनेला वाटलं, चला, हौस फिटली असेल. कसली फिटते!

दिवाळीनंतर काठेवाडी धनगर आपली मेंढरं घेऊन आपल्याकडे उतरतात, ते तुम्हाला माहीत आहेच. त्या साली त्यांचा तळ बोईसरच्या वाटेवर पडला होता. दामू तिथं लोकर मागायला गेला, आणि सोयरिकीला जावं तसं सोबत घरचा चांगला सुका बोंबील घेऊन गेला. त्या धनगरानं पुडी उघडली मात्र, उठून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसला. माळकरी होता बिचारा. दुसऱ्या दिवशी दामू नारळ आणि गूळ घेऊन गेला, तेव्हा कुठं काम झालं. संध्याकाळी तो डोक्यावर लोकरीचं पोतं घेऊन गावात शिरला.

आता दांडी हे बोंबलाचं गाव. वास म्हणजे काय हे या गावाला ठाऊक नाही. पण त्या संध्याकाळी शेजारची बुधी नाकाला पदर लावून दारात आली.

"जमने, काय मेलंय गं तुझ्या घरात?"

"अजून कुनी नाय," जमना म्हणाली. "रातपातूर मरंल."

पोत्यात लोकर होती, लेंड्या होत्या, कुसळं होती, गोचिड्या होत्या आणि मेंढीच्या गळ्यातली एक घंटीही होती. दामूनं जमनेचा सगळ्यात मोठा टोप काढला, त्यात ऐनाची साल टाकली आणि सगळी लोकर ढवळून ढवळून उकळली. कारण काय, तर सूत नवं आलं की सालीत उकळायचं. बाप तसं करायचा, आजा तसं करायचा. त्याशिवाय टिकत नाही. चांगले चार तास उकळली. उघडून बघतो तर चार मेंढ्यांची लोकर आक्रसून एक काळपट लाल गोळा झालेला, असा घट्ट की कोयता लागेना.

"टिकंल मात्र," दामू म्हणाला. पण त्याचा चेहरा पडला होता.

जमनेला वाटलं, आता तरी सुटलो. दुसऱ्या दिवशी दुसरं पोतं आलं.

या खेपेला त्यानं लोकर गार पाण्यात धुतली आणि वाळत घातली. कुठं? अहो, दांडीच्या माणसाला वाळवण म्हटलं की एकच जागा माहीत. बोंबलाच्या मांडवावर! एक बोंबील, एक लोकर, एक बोंबील, एक लोकर. दोन दिवस ऊन, वारा आणि कावळे. जमनेनं बघितलं तेव्हा उशीर झाला होता. लोकरीला बोंबलाचा वास लागला, तो काही धुवून जाईना. आणि त्या आठवड्यात बोईसरच्या बाजारात भर गिऱ्हाइकात एक बाई पुडी घेऊन परत आली.

"मावशी, तुझ्या बोंबलाला केस आलेत."

जमना त्या दिवशी बाजारातून उठून आली. घरी येते तो दामू तिचीच फणी घेऊन लोकर विंचरत बसलेला. तिची लग्नातली फणी! विंचरलेल्या लोकरीचे पेळू एका सुपात, आणि जाळ्यासाठी सणाचं सूत कातायची जुनी टकळी त्याच्या मांडीवर गरगरतेय. घरभर लोकर उडत होती. आमटीत लोकर, चहात लोकर, देवाच्या निरांजनात लोकर. जमना इतकी ओरडली की खाडीपलीकडं ऐकू गेलं असेल.

"काय आवाज झाला काय?" दामू म्हणाला. तो टाके मोजत होता.

अशा घराला मुरब्याहून निरोप आला, की रविवारी मंजुळेला मागणी घालायला येतो.

मंजुळा म्हणजे यांची एकुलती एक. ती आईबरोबर बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसायची, तिथंच तिचं आणि मुरब्याच्या मारुतीचं बघणंबोलणं झालेलं. मारुती तिथल्या कारखान्यात मशीनवर होता, शिफ्ट सुटली की मासळी बाजारातून चक्कर मारायचा आणि रोज घरी मासळी न्यायचा. (मुरबे हेही कोळ्यांचंच गाव; तिथला माणूस बोईसरला मासळी विकत घेतो, यावरनं काय ते समजा.) मुलगी मनातून हरखली होती. जमनेलाही हेच हवं होतं. जावई पगारी, वादळात बोट कुठं आहे म्हणून रात्रभर जागायला नको. अडचण एकच, मारुतीची आई रखमा. तिनं नवापूरची एक चांगली सोयरीक मोडली होती. का, तर मुलीच्या बापानं पाहुण्यांना हातपाय धुवायचं पाणी स्वतः भरून दिलं. "बापूस बायकांची कामं करतो, त्या घरातली पोर नको," असं भर ओट्यावर सांगून ती उठली होती.

जमनेनं दामूला समोर बसवलं.

"पावने हायेत तोवर लोकरीला हात लावायचा नाय. घ्या देवीची शपथ."

"घेतली."

"सुया द्या."

"एवढी ओळ पुरी होऊ दे."

"द्या!"

"बाबा, माझ्यासाटी," मंजुळा एवढंच म्हणाली. तेव्हा दामूनं सुया दिल्या. बापच तो.

पोती बुधीकडे गेली. पेळू भाताच्या कणगीत गेले. टकळी छपरात. अर्धा विणलेला तपकिरी स्वेटर आयत्या वेळी सापडला, तो जमनेनं सुयांसकट गादीखाली सरकवला आणि वर धुतलेली चादर घातली.

रविवारी रखमा आली. मागोमाग तिचा नवरा पुंडलिक आला, तो बोलतच. बोटीतून उतरताना बोलत होता, वाळूतून चालताना बोलत होता, उंबऱ्यात बोलत होता. "तुमच्या दाराची चौकट जरा तिरकी हाय. तुमच्या माडाला पानी कमी पडतं. तुमची कोंबडी लंगडते." मारुतीची रविवारची ड्युटी होती, तो आला नव्हता. "रखमे, पाय जपून टाक," म्हणत पुंडलिक मानाच्या जागी गादीवर बसला आणि "आई गं!" करून हातभर उडाला.

सगळे धावले. पुंडलिकनं मागं हात घालून सुई ओढली. सुईबरोबर स्वेटर आला, स्वेटराबरोबर गुंडा आला, आणि तो गडगडत जाऊन रखमेच्या पायाशी थांबला.

"हे काय?" रखमा म्हणाली.

आता इथं जमना गप्प बसली असती तर? पण गप्प बसणं तिच्या पत्रिकेतच नाही. "आमच्या मंजुळेनं विनलाय!" ती म्हणाली. "लय हौस तिला. लहानपनापास्ना!"

मंजुळेनं आईकडे असं बघितलं, की बघवत नव्हतं. तिनं जन्मात सुई धरली नव्हती.

रखमेनं स्वेटर उलटा केला, ओढून बघितला, हुंगला (आणि लगेच लांब धरला). "बारीक हाय काम. बोंबलाचा वास येतो, पन काम बारीक हाय. ये गं पोरी, बस हितं. दोन ओळी विनून दाव."

"आत्ता? चा घ्या आदी," जमना म्हणाली.

"चा पळून जानार हाय काय?"

मंजुळा बसली. सुया हातात घेतल्या, त्यासुद्धा उलट्या. कोपऱ्यात दामू खांबाला धरून उभा होता. शपथ घेतलेली. मुलीनं सुई घातली ती भलत्याच टाक्यात. दामूनं डोळे मिटले. तिनं धागा ओढला. दामूनं एक डोळा उघडला. तिनं सुई काढली आणि एक टाका सुईवरून निसटून खाली ओघळू लागला, एक ओळ, दोन ओळी, तीन ओळी...

"अगं टाका पडला!" दामू ओरडला. एका उडीत तो तिथं होता. देवी राहिली, शपथ राहिली. त्यानं स्वेटर हिसकावला, पडलेला टाका सुईच्या टोकावर झेलला, वर चढवला, आणि हाताला आवरेना म्हणून पुढची ओळ विणली. मग त्याच्या पुढची विणली. पाच ओळी झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की सगळं घर त्याच्या हातांकडे बघतंय.

"म्हंजे," रखमा सावकाश म्हणाली, "बापूस विनतो."

मंजुळेच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. ते बघितलं आणि जमनेचा तोल गेला.

"होय, विनतो! धुतो, विंचरतो, काततो, समदं करतो! पंचवीस वरसं जाळी विनली त्यानं, त्या नायलॉननं खाल्लं त्याचं काम, आता बसलाय लोकर घेऊन. मी खोटं बोलले, ती चूक माझी. पोरीची काय चूक? पोर माशाला सुरी लावते तशी मुरब्यात एक दाखवा मला!"

"खोटं बोलनाऱ्या घरातली पोर आमाला नको."

"मग खोटं बोलायची पाळी कुनी आनली? पान्याच्या तांब्यावरनं सोयरीक मोडनारी कोन ती?"

झालं! दोघींची अशी जुंपली की बुधी कामधाम टाकून कुडाला कान लावून उभी राहिली. मुरबे निघालं, नवापूर निघालं, कुणाच्या आजीनं कुणाच्या लग्नात खीर कशी करपवली तेही निघालं. शेवटी रखमा उठली. पदर खोचला.

"अवं, उठा. चला."

ती दारापर्यंत गेली आणि मागं वळली.

"अवं, उठा म्हनते ना!"

पुंडलिक उठला नाही. तो दामूशेजारी भिंतीला टेकून बसला होता. दामूनं दुसऱ्या सुयांवर दहा टाके घालून दिले होते आणि पुंडलिक जिभेचं टोक दातांत धरून सुलट टाके घालत होता. एकदा चुकला, तर दामूनं न बोलता त्याचं बोट धरून वळवलं. पुन्हा दोघं गप्प.

रखमा उभीच राहिली. "कवापास्ना गप हाय ह्यो?" तिनं विचारलं.

"तुमी नवापूर काढलंत तवापास्ना," मंजुळा नाक पुसत म्हणाली.

रखमा हळूच खाली बसली. जमनेच्या जवळ सरकली. तिचा आवाज एकदम वेगळा आला, दमलेला.

"तुमचा हा... रोज असाच बसतो?"

"दिवसभर."

"रांधनीत येत नाय?"

"तीन म्हयनं झालं, झाकन उचललं नाय," जमना म्हणाली, आणि हे तिचं तिलाच त्या क्षणी पहिल्यांदा समजलं. तीन महिने ती ओरडत होती, पण आमटीत पाणी किती घालायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आमच्याकडं पन नायलॉन आलं," रखमा म्हणाली. "तवापास्ना हा घरात. मीठ किती टाकायचं ते मला शिकवतो, विहीनबाय. मला! चूल फुकताना मागं उभा ऱ्हातो. म्हनतो, डावीकडनं फुक." तिनं डोळ्यांना पदर लावला. "त्यो नवापूरचा पानी भरून देनारा. मी म्हटलं, एक घरात हाय तो पुरे, तसलाच व्याही कशाला पायजे? पन हा तुमचा... हा एका जाग्यावर बसतो."

विहीणबाई म्हणाली, बघा! जमनेच्या जिवात जीव आला. मंजुळा चहा टाकायला आत पळाली ती धडपडतच. पुढची बोलणी चहा निवायच्या आत उरकली. वैशाखात लग्न, दांडीत मांडव. रखमेची अट एकच, की व्याह्यांनी पंधरा दिवस मुरब्याला यायचं आणि पुंडलिकला तयार करायचं.

"पंधरा काय, वीस दिस ठेवा!" जमना म्हणाली. आनंदात माणूस काहीही बोलतो.

दामू त्याच बोटीतून गेला. दोन पोती, टकळी, सुया, आणि जमनेची फणी घेऊन. तिनं किनाऱ्यावरून हात केला. त्यानं वर बघितलं नाही, तो पुंडलिकच्या ओळी मोजत होता. बुधीनं विचारलं, "काय गं, पसंत पडली काय पोर?"

"पोरीकडं कुनी नीट बगितलंच नाय," जमना म्हणाली. "पसंत पडला तो माझा दादला."

पंधरा दिवस झाले, वीस झाले, महिना झाला. पुंडलिकचा हात जड होता. शिवाय नायलॉन काय एकट्या पुंडलिककडं आलं होतं? मुरब्याच्या बायका एकेक नवरा पुढं करू लागल्या. "आमच्याला पन बसवा, भावजी." दामूला तिथं रोज ताज्या मासळीचं जेवण आणि बसायला ओटा. इकडं जमना मांडवाच्या मेढी उभ्या करतेय, हळकुंडं फोडतेय, भटजी ठरवतेय, एकटी. घरात इतकं शांत, की तिनं एकदा टोपावरचं झाकण स्वतःच उचलून पुन्हा ठेवलं, नुसता आवाज यावा म्हणून. आठवण येत होती तिला त्याची, दुसरं काय! तिनं निरोप धाडला, "कवा येतांव?" उत्तर आलं, "बाही चालू हाय." पुन्हा धाडला, "हळद तोंडावर आली." उत्तर आलं, "गळा ऱ्हायलाय." तिसरा निरोप तिनं धाडला तो इथं लिहिण्यासारखा नव्हता. त्याचंही उत्तर आलं. "काळजी नसावी. लग्नाला नक्की पोचतो."

लग्नाचा दिवस उजाडला, ऊन तापलं, मांडव भरला, तरी दामूचा पत्ता नाही. लोक विचारू लागले, पोरीचा बाप कुठाय? जमनेनं त्याला काय काय म्हणायचं ते सगळं मनात रचून, पाठ करून ठेवलं होतं. तेवढ्यात किनाऱ्यावर वाजंत्री वाजली. मुरब्याच्या तीन बोटी लागल्या. वऱ्हाड आलं!

जमना तांब्या घेऊन मांडवाच्या दारात वाकली. वरपक्षाच्या मोठ्या माणसांचे पाय मुलीच्या आईनं धुवायचे, रीत आहे. पहिले पाय नवरदेवाच्या मामाचे. दुसरे पुंडलिकचे. तिसऱ्या पायांवर पाणी ओतलं आणि तिचा हात थांबला. उजव्या अंगठ्याला नख नाही. बोटीचा नांगर पडून गेलं होतं ते, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तिनं हळद लावली होती त्याला.

तिनं मान वर केली. मुरबेकरांनी बांधलेला लाल फेटा, खांद्याला वरपक्षाचं उपरणं, काखेत लोकरीचा गुंडा, हातात सुया. दामूची नजर सुयांवर, ओठ हलतायत.

"जमने" नाही, "आलो गं" नाही. समोर कोण आहे, घर कुणाचं आहे, काही त्याच्या ध्यानात नव्हतं.

"जरा हळू वता, विहीनबाय," तो म्हणाला. "सत्तेचाळीस... अठ्ठेचाळीस... लोकर भिजंल."

जमनेनं तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं जिभेवर आलं. इतक्यात मागून भटजींनी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "बाई, वरपक्षाच्या माणसाला आज उलटून बोलायचं नसतं." मग तिनं तोंड मिटलं, आणि नवऱ्याचा दुसरा पाय धुतला.